निम्म्या तारा

पुलाचा चढ अर्धा सरला होता तेव्हा मोटरसायकलनं अचानक अंग टाकलं. सुईवालीनं मूठ पिळली तर ती कशालाही न अडता गरकन फिरली. एंजिन बंद पडलं नव्हतं, जागच्या जागी गुरगुरत होतं; पण चढावर नुसत्या गुरगुरण्यानं काय होणार. मागच्या टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, तरी त्याचा बंपर तिच्या मागच्या चाकाला टेकलाच. गाडी डावीकडे आडवी झाली आणि तिच्याबरोबर तीही.

टेम्पोवाला खाली उतरला तो तोंडात शिवी घेऊनच. रस्त्यावर बसून हेल्मेट काढणारी बाई पाहिली आणि शिवी त्यानं गिळली.

"लागलं का ताई?"

"गुडघ्याला. विशेष नाही."

त्यानं गाडी उचलून कठड्याला टेकवली, मूठ एकदा पिळून पाहिली. "रेसची केबल तुटलीय," तो म्हणाला. "बरं झालं, माझी गाडी रिकामी होती. भरलेली असती तर थांबली नसती." आज ऊन फार आहे असं सांगावं तसं त्यानं हे सांगितलं, मागच्या गाड्यांना हात केला आणि निघून गेला.

मग तिनं कॅरियरला बांधलेली पांढरी पेटी उघडली. आतल्या बर्फाच्या पिशव्यांवर रक्त सांडलं होतं. दोन बाटल्या फुटल्या होत्या. एक कुणा धडधाकट माणसाची होती, त्याचं काही नव्हतं, तो पुन्हा बाही वर करून हात पुढे करील. दुसरी कोपऱ्यावरच्या आजींची होती. त्या आजींच्या हाताला शीर म्हणून सापडतच नाही. सकाळी तिनं त्यांचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून, चोळून, गप्पा मारून, महामुश्किलीनं तेवढं रक्त मिळवलं होतं.

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि तपासणी केंद्रात पोचवायचे हे तिचं काम. पोरं तिला बघून आईच्या मागे लपत आणि सुईवाली आली म्हणून ओरडत. पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. तिनं केंद्रात फोन केला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पेटी न्यायला दुसरा माणूस पाठवला. पुलाचा उतार कामी आला, पुढचा रस्ता तिनं गाडी ढकलत काढला. मधेच एका भल्या माणसानं विचारलं, पेट्रोल संपलं का. ती हो म्हणाली. समजावून सांगण्याइतकं त्राण तिच्यात राहिलं नव्हतं.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे फरशी घातलेली थोडी मोकळी जागा आणि एक लोखंडी गेट. गेटचा आवाज झाला तेव्हा नवरा पायरीवरच बसलेला होता. तो उठून उभा राहिला.

"केबल तुटली," ती म्हणाली.

"कुठे?"

"पुलावर."

त्याचा चेहरा एकदम उतरला. मग त्याचं लक्ष तिच्या गुडघ्याकडे गेलं. "पडलीस?"

"मागून टेम्पो टेकला. थोडक्यात निभावलं."

तो मागे वळला. आत जाऊन पाणी आणि कापूस घेऊन आला, तिला पायरीवर बसवलं आणि डाव्या हातानं जखम धुऊ लागला. कितीतरी महिन्यांत त्यानं तिच्यासाठी पाण्याचा पेलासुद्धा भरला नव्हता. ती चकित होऊन त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. केस मधोमध विरळ झाले होते, ते तिला आजच दिसलं.

गल्लीत त्याला अजूनही फिटर म्हणत. कारखान्यानं मात्र केव्हाच म्हणायचं सोडलं होतं. बाटल्या भरायच्या कारखान्यात तो होता आणि हाताला यश असलेला माणूस म्हणून त्याचं नाव होतं. मशीन कुठून आवाज करतंय ते तो डोळे मिटून सांगायचा. एके दिवशी सरकत्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. हात वाचला, पण अंगठा आणि पुढची दोन बोटं मिटायची बंद झाली. चहाचा कप धरता येईना, मग स्क्रू आणि पाने तर लांबच. मोटरसायकलची रेस उजव्या मुठीत असते. गाडी गेटच्या आत धूळ खात उभी राहिली.

ती चालवायला शिक, हे त्यानंच सुचवलं होतं. रोज सकाळी मोकळ्या मैदानावर तो तिच्या बाजूनं चालायचा, कधी धावायचा. "मूठ पिळायची नाही, तिला विचारायचं," तो सांगायचा. "गाडी काय मागतेय ते ऐक, तेवढंच दे." ती पडली तर हसायचा, उठली तर पाठीवर थाप मारायचा. तिला नोकरी लागली, ती गाडीवरून जायला लागली, तेव्हा त्यानं गल्लीभर सांगितलं होतं.

पुढे ते सगळं नासलं. एकदा त्याला दवाखान्यात न्यायचं होतं. तो मागे बसला, दुखरा हात मांडीवर घेऊन. चौकात जुन्या कारखान्यातला एकजण भेटला. तो म्हणाला, "काय फिटर, आता मागच्या सीटवर का?" बाकी काही बोलला नाही तो माणूस, पण त्यानंतर फिटर तिच्या मागे कधीच बसला नाही. पाऊण तास चालत दवाखान्यात जायचा. तिनं गाडीचं काही विचारलं की आधी "आली का फिटरची आठवण?" असं ऐकून घ्यावं लागे. मग तिच्या प्रत्येक चुकीचा पाढा. शेवटी तो हातातलं फडकं आपटून आत निघून जायचा. तिनं हात टेकले. गेल्या महिन्यात ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा न बोलता ती गाडी कामाच्या वाटेवरच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली.

संध्याकाळी त्यानं ऑइलची काडी काढून पाहिली. "कुणी बदललं?"

"गॅरेजवाल्यानं."

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

म्हणूनच आज तो जखमेला पट्टी लावून म्हणाला, "केबल आहे घरात, आपणच घालू," तेव्हा तिच्या मनात आधी 'नको'च आलं.

"नको. गॅरेजवाल्याला बोलावते. मला परत जायचंय, आजींचं रक्त घ्यायचंय पुन्हा."

"गॅरेजवाला संध्याकाळी उगवेल. तासाभराचं काम आहे. तू हात चालव, मी सांगतो." आवाज इतका मऊ होता की तिला नाही म्हणवेना.

त्यानं आतून हत्यारांची पेटी आणली आणि केबलचं पाकीट. पाकीट कोरं होतं, वरचं चकचकीत प्लास्टिकसुद्धा तसंच.

"ही कधी आणली?"

"असू दे म्हणून आणून ठेवली होती," तो म्हणाला आणि फरशीवर जुनी चादर अंथरू लागला.

"मुठीचं मी खोलतो. ते दोन स्क्रू डाव्या हातानं जमतात मला. तू सीट काढ, मग टाकी." त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि हँडलशी वाकला. ती सीटचे बोल्ट काढत होती, तेवढ्यात त्याचं झालंसुद्धा.

टाकी उचलून तिनं चादरीवर ठेवली. तिच्याखालून काळी केबल सापासारखी वळून एंजिनकडे गेली होती.

"आता कुठून कशी गेलीय ते नीट बघून ठेव. नवी तशीच न्यायचीय. बघितलंस? आता तो कार्ब्युरेटर. वरचं गोल झाकण हातानंच फिरव, पान्याची गरज नाही."

झाकण सुटलं. ते वर ओढल्यावर त्याच्यामागे स्प्रिंग आली, स्प्रिंगच्या टोकाला पितळी नळकांडं, आणि त्याच्या खाली बारीक, टोकदार सुई.

"ही तर तुझ्या ओळखीची," तो म्हणाला. "फक्त ही टोचलीस तर पेट्रोल निघतं."

तिला हसू आलं. तोही हसला. त्याचं हसू ऐकून शेजारच्या शिंपीणबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, दोघांना असं बसलेलं पाहिलं आणि समाधानानं पुन्हा मशीन सुरू केलं.

"स्प्रिंग दाब. अजून. आता तार बाजूच्या खाचेतून सरकव. घाई नको. आली ना?" तो गुडघ्यांवर बसला होता, डावं बोट तिच्या बोटांच्या जवळ, पण शिवत नव्हता. बोलताना त्याच्या मानेवरची शीर फुगत होती, पूर्वी कामात असताना फुगायची तशी. कारखान्यात एकदा अख्खी रात्रपाळी बंद पडलेलं मशीन एका वॉशरवर कसं सुरू केलं ते त्यानं सांगितलं. तिनं ते पूर्वी ऐकलं होतं, तरी ऐकलं. आपण उगाच गॅरेजमध्ये गेलो, असं तिला वाटलं. याला विचारायला हवं होतं. दोन शब्द ऐकून घेतले असते तर आपलं काय जाणार होतं? तिला मनातल्या मनात लाज वाटली आणि त्या लाजेपोटी ती नसलेले प्रश्नही विचारू लागली. हे काय, ते कशाला. तो प्रत्येकाचं उत्तर देत गेला.

तिनं जुनी केबल फ्रेममधून ओढून काढली.

"दे इकडे, टाकून देतो," त्यानं हात पुढे केला.

"थांबा की. माप बघायला नको का? तुम्हीच सांगता ना, नवी घालायच्या आधी जुनीच्या शेजारी ठेवायची."

"कंपनीचंच माप आहे. दे."

पण तोवर तिनं दोन्ही केबली चादरीवर शेजारी शेजारी लांब केल्या होत्या. मापं जुळत होती. जुनीची आतली तार तिनं खालून ओढून बाहेर काढली आणि तुटलेलं टोक बोटावर घेतलं.

क्लचची केबल मागे एकदा तुटली होती, तेव्हा त्यानं तिला टोक दाखवलं होतं. केबल कधी एकदम जात नाही, त्यानं सांगितलं होतं. आतली एकेक बारीक तार झिजते, तुटते, वळते. टोक झाडूसारखं पिंजारतं. ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. आत्ता तिच्या बोटावरचं टोक निम्मं तसंच होतं, पिंजारलेलं, वाकडंतिकडं. उरलेल्या निम्म्या तारा एका रेषेत सपाट संपल्या होत्या. त्यांची टोकं चपटी होती, पकडीनं चावल्यासारखी, आणि तिथलं पोलाद नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

तिनं ते टोक उजेडात धरलं. पुन्हा खाली घेतलं.

"वरचा तुकडा कुठाय?"

"कुठला?"

"मुठीतला. गुंडी असते त्याला, तो."

"पडला असेल इथंच कुठंतरी."

त्याचा डावा हात पँटच्या खिशावर गेला होता. तिनं हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शेजारचं शिलाईचं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग त्यानं खिशात हात घातला आणि बोटभरही नसलेला तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहिली. सपाट भागाला सपाट भाग बरोबर जुळला.

"कधी कापलीत?"

"काल. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा."

"सगळी का नाही कापली मग?"

"सगळी कापली असती तर तुला कळलं असतं."

तो फरशीकडे बघत बोलू लागला, कुणीतरी आधीच पाठ करून दिलेलं असावं तसं. "मला वाटलं, गेटच्या बाहेर पडतानाच जाईल. फार तर गल्लीच्या तोंडाशी. निम्म्याहून कमीच ठेवल्या होत्या मी. चारदा रेस दिली की तुटणारच. तू ढकलत परत आणशील, मला हाक मारशील. मग आपण बसवू. एवढंच होतं."

"सकाळपासून किती घरं फिरले मी. अख्खं गाव पालथं घातलं त्या गाडीवर."

"तू मूठ इतकी हलकी पिळतेस, ते ध्यानातच आलं नाही माझ्या."

"तूच शिकवलंस तसं," ती म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं. त्याच्या ते लक्षात आलं, तिच्या नाही.

"टेम्पो रिकामा होता," ती पुढे म्हणाली. "भरलेला असता तर थांबला नसता. त्या माणसानंच सांगितलं."

"तुला काही व्हावं असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. एवढं तरी खरं मान."

"मानते की. मी तुमच्या मनात नव्हतेच. तुमच्या मनात केबल होती."

तो मागे सरकून भिंतीला टेकला. उजवा हात त्यानं डाव्या हातात घेतला होता आणि न मिटणारी बोटं एकेक करून मिटवू पाहत होता, डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम करावा तसा. "तू सकाळी जातेस," तो म्हणाला. "मग मी इथं बसतो. गल्लीतून कोण गेलं, कोण आलं बघतो. नळ गळत नाही, पंखा आवाज करत नाही, सगळं मीच नीट करून ठेवलंय मागे कधीतरी. एक ती गाडी उरली होती. तीही तू दुसऱ्याकडे नेलीस. काय करू मी दिवसभर, सांग."

त्याची कीव येत होती याचाच तिला जास्त संताप आला. धड रागवायचीही त्यानं सोय ठेवली नव्हती. समोर गाडी उघडी पडली होती, टाकी चादरीवर, सीट पायरीवर. आणि कोपऱ्यावरच्या आजींना त्या फुटलेल्या बाटलीपायी पुन्हा हात पुढे करावा लागणार होता. तिनं नवं पाकीट दातांनी फोडलं.

"आधी तारेला जरा ऑइल सोड," तो सवयीनं म्हणाला.

"बोलू नका."

तिनं ऑइल सोडलं. केबल मघाशी पाहिलेल्या वाटेनं नेली, म्हणजे तिला तसं वाटलं. स्प्रिंग दाबली, तारेचं टोक पितळी नळकांड्याच्या खाचेत घातलं. एकदा निसटलं, स्प्रिंग उडून चादरीवर गेली. दुसऱ्यांदा बसलं. नळकांडं कार्ब्युरेटरमध्ये उतरेना तेव्हा तिनं दाबलं नाही. काढून बघितलं, तर बाजूला एक उभी चीर होती आणि आत एक बारीक खिळा. चीर खिळ्यासमोर आणली तसं ते अलगद आत गेलं. तिनं झाकण फिरवलं. वर मुठीत गुंडी अडकवली. मुठीखालच्या स्क्रूचं डोकं ताजं कुरतडलेलं होतं, डाव्या हातानं चुकत माकत फिरवल्यासारखं. तो तसाच तिनं घट्ट केला. टाकी ठेवली, सीट ठेवलं.

कीक मारली. गाडी सुरू झाली. मूठ पिळली तशी रेस वर गेली, सोडली तशी खाली आली. तिनं हँडल उजवीकडे वळवलं, ठीक. डावीकडे वळवलं आणि एंजिन आपोआप किंचाळू लागलं. सरळ केलं, शांत. पुन्हा डावीकडे, पुन्हा तेच.

तिनं गाडी बंद केली. केबल वरून हलवून पाहिली, तळाचा नट थोडा फिरवून पाहिला. पुन्हा सुरू केली. डावीकडे वळताना पुन्हा किंचाळली. अशा गाडीवर पहिल्याच वळणाला काय होईल ते तिला न सांगता समजत होतं. गुडघा ठणकत होता. तिनं फडक्याला हात पुसले, पुसत राहिली, आणि मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "हे असं का होतंय?"

तोही तिच्याकडे न बघताच बोलला. "केबल ताणली जातेय. टाकीखाली ती फ्रेमच्या पट्टीच्या बाहेरून गेलीय. आतून घे. आणि मुठीला जरा ढील ठेव, तांदळाच्या दाण्याएवढी."

तिनं पुन्हा सीट काढलं, पुन्हा टाकी उचलली. त्यानं सांगितलं तिथंच ती चुकली होती. केबल आतून घेतली, ढील ठेवली, नट आवळला. हँडल दोन्हीकडे वळवलं. एंजिन एका सुरात चालत राहिलं.

"झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. काम बरोबर झालं होतं आणि त्याला ते नको झालं होतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

केबलचे दोन्ही जुने तुकडे तिनं फडक्यात गुंडाळले. आधी तिला वाटलं ठेवावेत. मग कुणाला दाखवायला, असा प्रश्न पडला आणि तिनं जाताना गल्लीच्या कचराकुंडीत ते टाकून दिले.

आजींच्या घरी दार ढकललेलंच होतं. "सकाळीच तर घेऊन गेलीस गं," त्या म्हणाल्या. तिनं पडल्याचं सांगितलं. आजींनी तिचा गुडघा बघितला, हळहळल्या, आणि हात पुढे केला. डाव्या हाताला मिळालं नाही. उजव्याला दोनदा टोचलं, नाही मिळालं. सकाळी शांत असलेले तिचे हात आता नीट चालत नव्हते. आजींनी डोळे मिटून घेतले होते, ओठ आत घेतले होते. तिसऱ्यांदा मनगटाजवळ थोडं रक्त आलं, तेही थेंबाथेंबानं.

"दुखलं ना आजी."

"दुखणारच. तुझा काय दोष." आजींनी कापूस दाबून धरला. "नवऱ्याला सांग, गाडी नीट बघत जा म्हणावं. तो त्यातलाच आहे ना?"

"हो," ती म्हणाली आणि बाटलीवर नाव लिहू लागली.

भावाकडे जावं असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. गेलीही. भावजयीनं प्रेमानं वाढलं आणि तिसऱ्या जेवणाला विचारलं, अजून किती दिवस. भावानं विचारलं, भांडण झालं का. तिला ते सांगता येईना. मारलं का, नाही. पितो का, नाही. दुसरी बाई, नाही. गाडीची केबल तुटली, एवढंच सांगण्यासारखं होतं, आणि त्यावर भाऊ हसला असता. ती परत आली.

घरात आवाज वाढला नाही. वीज, दूध, दवाखाना यांबद्दल दोघं बोलत, नीट बोलत. एकदा जेवताना तो म्हणाला, "चुकलो मी." ती म्हणाली, "भाजी घ्या अजून." आपण क्रूरपणा केला हे तिला कळलं. त्याच्याकडून 'चुकलो' पुन्हा ऐकावं असं मात्र तिला वाटलं नाही, आणि त्यानं पुन्हा ते म्हटलंही नाही.

रोज सकाळी निघण्याआधी ती आता गाडीशेजारी उकिडवी बसू लागली. पुढच्या ब्रेकची तार बोटानं चाचपायची. क्लचची केबल मुठीपासून खालपर्यंत बघायची. मागचा ब्रेक दाबून, चाकाचे नट पान्यानं ओढून, शेवटी स्क्रू ड्रायव्हरनं रेसच्या मुठीचं झाकण उघडून आतल्या तारा मोजल्यासारख्या बघायची. झाकण लावायची. हे सगळं तो पायरीवर बसलेला असताना, त्याच्यासमोर. दडवून करावं असं तिला वाटलं नाही, आणि दाखवून द्यावं म्हणूनही ती करत नव्हती. भीती होती म्हणून करत होती. त्यानं पुन्हा तसं काही केलं नसतं हे तिला मनोमन माहीत होतं. तरी बोटं तारेवरून फिरवल्याशिवाय तिला कीक मारवेना.

एकदा शिंपीणबाईंनी खिडकीतून ते सगळं पाहिलं. "फिटर," त्या कौतुकानं म्हणाल्या, "बायकोला अगदी तयार केलीत हो. माझ्या नवऱ्याला साधी हवा भरता येत नाही."

तो पायरीवर होता. ती पाना पुसत होती. दोघांपैकी कुणीतरी काही बोलायला हवं होतं.

"हो," तो म्हणाला.

त्यानंतर ती निघायच्या वेळी तो बाहेर बसेनासा झाला. आतल्या खोलीत पेपर उघडून बसायचा, पान न उलटता. गेट लागल्याचा आवाज झाला, गाडी कोपऱ्यावरून वळल्याचा आवाज झाला, की मग बाहेर यायचा. गाडी उभी असायची तिथं वाकून फरशीवर ऑइलचा थेंब पडलाय का ते बघायचा. पडलेला नसायचा.